रिपोर्ट वाईट आला तर वेगळं काय करणार?

परळच्या एका धर्मशाळेच्या ओट्यावर जळगावकडच्या एका बापाने मला मोबाइलवर एक पत्रक दाखवलं. मुलगा सहा वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर हा जन्मजात रक्ताचा आजार, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं. थोरली बहीण ‘फुल मॅच’ निघालेली, बोन मॅरो ट्रान्सप्लांटची, म्हणजे हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या मगजाच्या प्रत्यारोपणाची, तारीख ठरत आलेली. पत्रकात लिहिलं होतं की ट्रान्सप्लांटनंतर कोणाला गुंतागुंत होणार हे जनुकांवरून आधीच ओळखता येतं; थुंकीचा नमुना द्या, रिपोर्ट घरपोच. “ताई, हे करून घ्यावं का? पैशाचं बघू काहीतरी.”

‘पैशाचं बघू काहीतरी’ याचा अर्थ वॉर्डाबाहेर बसलेल्या सगळ्यांना कळतो. कुणाचं शेत गहाण पडतं, कुणाचं डोरलं मोडलं जातं. मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. एवढंच सुचवलं की डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: हा रिपोर्ट वाईट आला, तर तुम्ही वेगळं काय कराल?

मला वाटतं हाच प्रश्न सरकारलाही विचारायला हवा, विमा कंपन्यांना आणि संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थांनाही. ट्रान्सप्लांटमध्ये जनुकांचा हात असतो यात वाद नाही. पण धोका कळणं आणि धोका कमी करता येणं यांत मोठं अंतर आहे, आणि त्या अंतरात सध्या बाजार मांडला जातोय.

आधी मुळातली गोष्ट. मूत्रपिंड बसवलं की भीती असते ती शरीराने ते नाकारण्याची. मॅरोचं निम्मं प्रकरण उलटं असतं. इथे बाहेरून येते तीच मुळी नवी प्रतिकारशक्ती. घरात ठेवलेला भाडेकरूच मालकाला परका समजून बाहेर काढायला निघाला, तर जे होईल ते इथे होतं. दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर उठतात. यालाच वॉर्डात सगळे ‘जीव्हीएचडी’ म्हणतात. नर्सपासून धर्मशाळेच्या वॉचमनपर्यंत. अंगावर लाल पुरळ आलं, जुलाब सुरू झाले, की आईबाप एकमेकांकडे बघतात आणि तो शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही.

भाडेकरू मालकाला ओळखतो की नाही, हे ठरवणारी सगळ्यात मोठी जनुकं सहाव्या गुणसूत्रावर आहेत: एचएलए. आईकडून एक संच, बापाकडून एक. म्हणून एखादा सख्खा भाऊ किंवा बहीण पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. म्हणजे दोन मुलांच्या चार घरांपैकी तिघांना दाता बाहेर शोधावा लागतो. दाता घरातला नसेल तर यातलं एकेक न जुळणं महागात पडतं. अमेरिकेतल्या मोठ्या आकडेवारीत एका जागी मेळ चुकला की जगण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास घसरलेली दिसली होती. आता औषधं सुधारली आहेत, तरी हा धडा पक्का आहे. ‘रिपोर्ट वाईट आला तर काय कराल’ याचं उत्तरही इथे स्पष्ट आहे: दुसरा दाता शोधू, औषध बदलू, हाफ मॅच, म्हणजे आईबापासारखा अर्धाच जुळणारा दाता घेताना, पेशी दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं औषध देऊ.

एचएलएच्या पलीकडेही धागे आहेत. बहिणीने भावाला मॅरो दिला तर तिच्या पेशींनी वाय गुणसूत्रावरची प्रथिनं कधी पाहिलेली नसतात; त्या त्यांना परकं मानू शकतात. बहीण बाळंतपणं झालेली असेल तर हा धोका आणखी थोडा वाढतो, कारण पोटातल्या मुलग्यामुळे तिचं शरीर आधीच सावध झालेलं असू शकतं. हे दशकांपूर्वीपासून माहीत आहे. मग म्हणून पूर्ण जुळणाऱ्या बहिणीला नको म्हणतो का कोणी? नाही. तीच पहिली पसंती राहते. धोका माहीत आहे, कारण माहीत आहे, आणि निर्णय बदलत नाही. असं ज्ञान डॉक्टरांच्या डोक्यात असावं. त्याचं वेगळं बिल बापाच्या हातात कशासाठी?

आता त्या पत्रकातल्या मालाकडे येऊ. २००० नंतरच्या दशकात अशा शोधनिबंधांचा पूर आला. प्रतिकारशक्तीच्या अमुक जनुकात एक अक्षर बदललेलं असेल तर जीव्हीएचडी जास्त, तमुक अक्षर असेल तर कमी. त्यातलं एक प्रसिद्ध नाव म्हणजे एनओडी२. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की या जनुकात ठरावीक तीन बदल असतील तर आतड्याचा जीव्हीएचडी आणि मृत्यू दोन्ही वाढतात. आतड्यातल्या जंतूंची चाहूल घेणारं हे जनुक, त्यामुळे तर्कही पटणारा होता. पुढे काही ठिकाणी तसंच दिसलं, काही ठिकाणी काहीच दिसलं नाही. अमेरिकेत दोन हजारांहून अधिक रुग्ण आणि त्यांचे दाते घेऊन अशा अनेक जुन्या दाव्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा जवळपास कुठलाच दावा टिकला नाही. कारण शोधायला लांब जायला नको. पन्नास-शंभर रुग्ण, वेगवेगळे आजार, वेगवेगळी औषधं, आणि डझनभर जनुकं तपासून त्यातलं एक योगायोगाने चमकलं की तेवढंच छापायचं. हवामानखात्याला हसणाऱ्यांनी हे वाङ्मय एकदा वाचावं.

आपल्यासाठी यात आणखी एक खोच आहे. एनओडी२चे ते तीन बदल भारतीयांमध्ये जवळपास सापडतच नाहीत. युरोपीय माणसांवर बेतलेली तपासणी जळगावच्या मुलावर केली की रिपोर्ट बहुतेक ‘नॉर्मल’च येणार. तो नॉर्मल म्हणजे त्याला धोका नाही असं नव्हे. जे आपल्याकडे नाहीच ते शोधलं आणि सापडलं नाही, एवढंच. बाप मात्र तो कागद देवघरात ठेवील.

तरीही जनुकांचं संशोधन बिनकामाचं, असं मी म्हणत नाही. आपल्याकडचंच एक उदाहरण याच्या विरुद्ध साक्ष देतं. थॅलेसेमियाच्या मुलांमध्ये ट्रान्सप्लांटनंतर यकृताच्या बारीक शिरा बुजण्याचा एक भयंकर प्रकार होतो. पोट फुगतं, वजन भराभर वाढतं, डोळे पिवळे होतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये दाखवलं की जीएसटीएम१ हे जनुक ज्यांच्यात जन्मतःच गायब आहे, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या मुलांना हा त्रास झाला. ज्यांच्यात ते आहे त्यांत हे प्रमाण पाचात एकाहूनही कमी. हे जनुक औषधांचं विष निष्प्रभ करणाऱ्या एन्झाइमचं. ट्रान्सप्लांटपूर्वी जुना मॅरो मारायला बुसल्फान आणि सायक्लोफॉस्फामाइड देतात, त्याचा भार यकृतावर पडतो. तर्क जुळतो, रुग्ण आपले, आजार एक, औषधं एक. असं काम व्हायला हवं.

पण पुढे काय झालं ते जास्त बोलकं आहे. त्याच वेल्लोरमध्ये सर्वांत धोक्याची मुलं ओळखली गेली ती वयावरून आणि बोटांनी यकृत चाचपून: वय सात किंवा त्याहून जास्त, आणि यकृत बरगडीखाली पाच सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक उतरलेलं. अशा मुलांना बुसल्फानऐवजी ट्रिओसल्फान हे यकृताला सौम्य औषध देऊ लागले आणि शिरा बुजण्याचं प्रमाण उतरलं. जनुकाने ‘का’ सांगायला मदत केली असेल. ‘काय करायचं’ हे ठरवलं एका टेपने आणि जन्मतारखेने.

आणि ते यकृत वाढतं कशाने? इटलीत पेझारोला डॉ. लुकारेल्लींच्या गटाने १९९०च्या सुमारास थॅलेसेमियाच्या मुलांचे तीन वर्ग पाडले. निकष तीनच: यकृत वाढलंय का, त्यात व्रणासारखे तंतू साठलेत का, आणि लोह बाहेर काढणारं औषध नियमित मिळालंय का. ते लोह येतं रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून. ज्या मुलाला सुरुवातीपासून नीट तपासलेलं रक्त मिळालं, लोह काढणाऱ्या डेफेरासिरॉक्सच्या गोळ्या खंड न पडता मिळाल्या, ते पहिल्या वर्गात येतं. ज्याच्या तालुक्याच्या दवाखान्यात गोळ्या चार महिने आल्याच नाहीत, ते तिसऱ्यात. ट्रान्सप्लांटच्या टेबलावर दोघांचं भवितव्य वेगळं असतं, आणि त्या फरकाला जनुक म्हणणं म्हणजे पुरवठ्याच्या फायलीला नशीब म्हणणं.

इथे माझा खरा आक्षेप येतो. जनुकाचं नाव घेतलं की दोष शरीरात जातो. शरीरात गेला की तो कोणाचाच राहत नाही. ट्रान्सप्लांट बिघडलं तर ‘त्याच्या जनुकातच होतं’ हे वाक्य सगळ्यांना सोयीचं: औषधखरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याला, खाटा न वाढवणाऱ्या खात्याला, घाई केलेल्या डॉक्टरलाही. आईबापांना तर ते आधीच टोचत असतं. थॅलेसेमिया दोघांकडून येतो. ‘आमच्यामुळेच झालं’ हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. त्यात आणखी एक रिपोर्ट येऊन म्हणतो की जिवावर बेतलेल्या गुंतागुंतीचं बीही तुमचंच.

मग पैसे कुठे जावेत? माझ्या मते तीन ठिकाणी, आणि तिन्ही ठिकाणी त्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे.

सगळ्यात मोठं काम दात्यांच्या नोंदणीचं. जर्मनीची लोकसंख्या सव्वाआठ कोटींच्या आसपास. तिथे एक कोटीच्या आसपास लोकांनी दाता म्हणून नाव नोंदवलंय. आपण १४० कोटींवर आहोत आणि सगळ्या संस्था मिळून आपली नोंद काही लाखांत. अमेरिकेच्या नोंदणीवर २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात युरोपीय वंशाच्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता सापडण्याची शक्यता ७५ टक्के निघाली, आफ्रिकी वंशाच्या रुग्णांची २० टक्क्यांच्या आत. नोंदणीत जे नाहीत, त्यांना दाता नाही. हेही जनुकांचंच प्रकरण, फक्त ते थुंकीच्या पाकिटाने सुटत नाही.

आपल्याकडे गुंता आणखी वाढतो तो जातीने. शेकडो वर्षं लग्नं जातीत, पोटजातीत झाली. त्यामुळे एचएलएचे संचही त्या त्या समाजात घट्ट बसले. पुण्याच्या आयटी पार्कात आणि इंजिनीअरिंग कॉलेजात गालाचा स्वॅब घेणारी शिबिरं होतात, चांगलं आहे, मीही तिथेच नाव दिलं. पण तिथे भरलेल्या यादीत उल्हासनगरच्या सिंधी मुलाला दाता मिळेल? नंदुरबारच्या पावरा मुलीला, गडचिरोलीच्या माडिया मुलाला? सिकलसेल हा आनुवंशिक रक्ताचा आजार नेमका नंदुरबार-गडचिरोलीसारख्या भागांत ठाण मांडून बसलाय. २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, सात कोटी लोकांची तपासणी हे उद्दिष्ट ठेवलं. एवढी माणसं सुई टोचून घ्यायला रांगेत उभी राहणार असतील, तर त्यांतल्या अठरा वर्षांवरच्या धडधाकट लोकांना मॅरो दाता होण्याविषयी त्यांच्या भाषेत विचारायला हरकत काय? विचारायला, म्हणतेय मी. घेऊन मोकळं व्हायला नव्हे. आदिवासींचं रक्त बाटलीत भरून शहरात नेलं आणि मागे काहीच आलं नाही, असं पुन्हा घडायला नको. आणि नकार दिला तर तपासणीवर त्याचा परिणाम होता कामा नये.

यावर ‘आता हाफ मॅच होतं, आई किंवा बाप प्रत्येकाला असतोच, नोंदणी कशाला?’ असं एक उत्तर मिळतं. हाफ मॅचने खरंच हजारो जीव वाचवलेत, हे निर्विवाद. पण थॅलेसेमियात वर्षानुवर्षं रक्त चढलेल्या मुलाच्या अंगात परक्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊन बसलेल्या असतात, आणि अर्धा जुळलेला मॅरो ते शरीर फेकून देऊ शकतं. पर्याय वाढला म्हणून पहिला रस्ता खोदून ठेवायचा नसतो.

दुसरं काम स्वस्तातलं आहे. ट्रान्सप्लांटनंतर बुरशीच्या संसर्गावर व्होरिकोनाझोल देतात. ते पचवणारं सीवायपी२सी१९ हे जनुक आपल्याकडे साधारण दहातल्या एका माणसात मंद असतं. त्याच्या रक्तात औषध साठून यकृत, मज्जासंस्था बिघडू शकते. टॅक्रोलिमस हे जीव्हीएचडी रोखण्याचं औषध; सीवायपी३ए५ जनुक चालू असलेल्या माणसाच्या अंगातून ते भराभर निघून जातं, आणि बहुतेक युरोपियनांत बंद असलेलं हे जनुक आपल्यात निम्म्यांच्या आसपास लोकांत चालू असतं. अशांना सुरुवातीचा डोस दीडपट ते दुप्पट लागतो असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच सांगतात. रिपोर्ट आला तर डॉक्टर काय करतील? डोस बदलतील. झालं. शिवाय रक्तातली औषधाची पातळी मोजता येते, आणि ती मोजणं जनुकाइतकंच, कधी जास्तही उपयोगाचं. एखाद्या केंद्रात या दोन्हींतलं एकच परवडत असेल तर मी पातळी मोजण्याच्या यंत्राच्या बाजूने हात वर करीन.

तिसरं काम दुर्मीळ आजारांचं, आणि तिथे जनुकतपासणीत कंजुषी करणं म्हणजे थेट जिवाशी खेळ. फॅन्कोनी अॅनिमियाच्या मुलाचं रक्त बनणं थांबतं, वरवर साध्या अॅप्लास्टिक अॅनिमियासारखंच दिसतं. पण त्याच्या पेशींना तुटलेला डीएनए सांधता येत नाही. त्याला नेहमीच्या मात्रेत केमो दिली तर मॅरोबरोबर मूलही जातं. मात्रा खूप कमी ठेवली तर तेच मूल वाचतं. १९८८ मध्ये पॅरिसला नाळेतल्या रक्ताचं जगातलं पहिलं प्रत्यारोपण झालं ते फॅन्कोनीच्याच एका मुलावर, त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतून. तीच गोष्ट दात्याची: कुटुंबात लपलेला दोष भावातही असेल तर त्याचा मॅरो देऊन आजारच परत पेरायचा. अशा घरात भावाबहिणींची तपासणी दान करण्यापूर्वी व्हायलाच हवी, आणि तीही रुग्णालयाच्या खर्चात धरून.

नाळेच्या रक्तावरून आठवलं. हा बाजार आपण एकदा पाहिलेला आहे. बाळंतपणाच्या आधी येऊन ‘बाळाचा आयुष्यभराचा विमा’ म्हणत नाळेतलं रक्त साठवायला लावणाऱ्यांनी किती मध्यमवर्गीय घरांतून पैसे गोळा केले असतील याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. बाळाला थॅलेसेमिया असेल तर त्याच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष असतो, ही साधी गोष्ट विकताना सांगितली जात नसे. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं की स्वतःच्या पुढच्या वापरासाठी असं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. तोवर जाहिरातींनी आपलं काम केलं होतं. या वेळी सूचना आधी यावी, माल नंतर. ट्रान्सप्लांटच्या धोक्याचा जनुकीय रिपोर्ट विकायचा असेल तर तो भारतीय रुग्णांवर पडताळलेला हवा, आणि त्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं हवं की या निकालाने उपचारात काय बदलेल. काहीच बदलणार नसेल तर तेही लिहा.

पडताळायला साहित्य आपल्याकडे आहे. टाटात १९८३ मध्ये देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. चार दशकांचे रुग्ण, त्यांच्या केसपेपरवरच्या नोंदी. जीनोमइंडिया या सरकारी प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, वाचलेत. पण निरोगी माणसाचा जीनोम एका शहरात आणि ट्रान्सप्लांटच्या रुग्णाचं पुढे काय झालं याची नोंद दुसऱ्या शहरात, अशी स्थिती राहिली तर पुढच्या वीस वर्षांतही आपण रेगेन्सबुर्गचे आकडेच उसने घेत राहू.

आणि हे सगळं करताना एक कुलूप आधी लावायचं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनुकीय आजार म्हणून सरसकट विमा नाकारणारं कलम भेदभावाचं ठरवलं. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अमेरिकेत २००८ पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे, आपल्याकडे तसा नाही. उद्या ‘हाय रिस्क’चा शिक्का असलेल्या मुलाला आधीच कमी असलेल्या खाटांच्या यादीत कोणी मागे ढकललं, तर त्याची दाद कुठे मागायची? विमा तर पुढची गोष्ट. भावासाठी तपासलेल्या बहिणीच्या रिपोर्टवर ‘मायनर’ एवढा शब्द आला तरी काही वर्षांनी स्थळं परत जातात. थॅलेसेमिया मायनर असलेली, म्हणजे एकाच पालकाकडून दोष आलेली, बहीण मॅरो देऊ शकते, स्वतः ठणठणीत जगते, तिने फक्त दुसऱ्या मायनरशी लग्न करताना तपासणीची काळजी घ्यायची असते. हे समुपदेशन पाच मिनिटांचं आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी माणूसच नेमलेला नसतो.

त्या बापाने दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना माझा प्रश्न विचारला. डॉक्टर म्हणाले, काही वेगळं करणार नाही. मुलाचं यकृत दोनच बोटं आहे, लोह आटोक्यात आहे, बहिणीचं एचएलए टायपिंग पक्कं झालंय, औषधाची पातळी आपण मोजणारच आहोत. संध्याकाळी तो ओट्यावर आला, तेव्हा पत्रकाचा विषय त्याने काढला नाही. बहीण नऊ वर्षांची. मॅरो काढताना तिला सुई पाठीत टोचतात की कमरेत, रात्री दुखेल का, आणि शाळेत किती दिवसांनी पाठवायचं, हे त्याला विचारायचं होतं.